शेऱ्यातला शब्द आणि यादीवरची खूण



गेल्या पावसाळ्यात आमच्या गट कार्यालयात एक वयस्क सभासद तावातावाने आले. शेतकी खात्याने फळ्यावर लावलेल्या 'रोगट प्लॉट' या यादीत त्यांच्या फडाचा नंबर होता. "साहेब, अख्खं गाव माझ्या फडाचं बेणं मागायलंय, अन् तुम्ही त्यालाच रोगी करून बसलात. उद्या कोण दारात यायचं?" प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांच्यासमोरच संगणकावर नोंद उघडली. स्लिपबॉयने शेरा लिहिला होता : 'प्लॉट निरोगी, उगवण एकसारखी, बेण्यास योग्य.' यात रोग कुठे आला? तर 'निरोगी' या शब्दाच्या पोटात. संगणकाला आम्ही सांगितले होते की, 'रोग' ही अक्षरे जिथे दिसतील त्या नोंदीवर खूण कर. त्याने हुकूम पाळला. चूक सांगणाऱ्याची होती.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट उघडकीस आली, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. दुधनेच्या काठच्या एका फडातून तीन शेजाऱ्यांनी बेणे नेले होते. तिन्ही ठिकाणी पुढे काणी दिसू लागली. मूळ फडाची नोंद काढून पाहिली तर शेरा होता : 'शेंड्यातून काळे चाबूक निघाले, तीन-चार बेटांत.' म्हणजे आमच्या माणसाने पाहिले होते, लिहिलेही होते. पण 'काणी' हा शब्द त्याने लिहिला नव्हता, आणि आमच्या यादीत तर तेवढाच शब्द होता. बेणे जाण्याआधी अडीच महिने तो शेरा आमच्याच दप्तरात पडून होता.

निरोगी फडावर खूण आणि रोगट फड कोरा, असे एकाच यादीने केले. तेव्हापासून बरेच सभासद विचारतात की, हे कॉम्प्युटर ठरवते कसे? त्याचा खुलासा करणे आमचे काम आहे, सबब हा लेख. संगणक हा काही आमचा विषय नव्हे; आम्ही कृषी पदविकेचे लोक. परंतु नोंदी आमच्या आहेत आणि फटका सभासदाला बसतो, म्हणून शिकावे लागले.

ऊस नोंदीत बहुतेक रकाने ठरीव असतात. सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात, लागण की खोडवा, पाण्याची सोय. यात स्लिपबॉयला फार डोके चालवावे लागत नाही. मोबाईलवर पर्याय येतात, त्यातला एक निवडायचा. शेवटचा रकाना मात्र मोकळा असतो, तो शेऱ्याचा. तिथे जे दिसले ते लिहायचे. 'रस्ता नाही, गाडी बांधावरून न्यावी लागेल.' 'बोअर आटला.' 'रानडुकराने दोन गुंठे लोळवले.' 'भावकीत वाद, मोजणी झाली नाही.' ज्याला ठरीव रकान्यात जागा नाही असे सगळे इथे येते, आणि म्हणूनच खरी बातमी बहुधा इथेच असते. काही जण सुचवतात की शेरा बंदच करा, सगळ्याला पर्याय द्या. आम्हांस ते पटत नाही. पर्यायांची यादी कार्यालयात बसून केली जाते, आणि नवे दुखणे यादी पाहून येत नाही. महाराष्ट्रात २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा कोणत्या छापील नमुन्यात त्याचा रकाना होता? पहिल्यांदा ज्याने पाहिला असेल त्याने 'पानाखाली कापसासारखे पांढरे' असेच काहीतरी म्हटले असणार.

पूर्वी हे काम लाल पेन्सिलीने व्हायचे. ऊस नोंदीचे रजिस्टर घेऊन शेतकी अधिकारी संध्याकाळी बसत, शेरे वाचत आणि ज्याकडे लक्ष द्यायचे त्या ओळीवर फुली मारीत. वाचणारा माणूस होता, त्यामुळे 'निरोगी' वाचून फुली मारण्याचा संभव नव्हता. पण नोंदी हजारांत गेल्या की एका माणसाच्या डोळ्यांनी हे होत नाही. शंभर-दीडशे शेऱ्यांनंतर माणूसही वाचत नाही, नुसता नजर फिरवतो. म्हणून संगणक आला.

संगणक जे करतो ते सोपे आहे. एक्सेलच्या तक्त्यात शेऱ्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घ्यायचा. त्यात सूत्र लिहायचे की, डावीकडच्या शेऱ्यात 'काणी' ही अक्षरे कुठे आहेत ते शोध. 'सर्च' नावाचे फंक्शन हे काम करते. अक्षरे सापडली तर कितव्या जागेवर सापडली तो आकडा देते, नाही सापडली तर चूक दाखवते. आकडा आला तर 'खूण' लिहायची, चूक आली तर जागा कोरी ठेवायची, एवढी अट त्यावर घातली की झाले. सूत्र एकदा लिहून खाली ओढले की पाच हजार नोंदींवर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच खुणा पडतात. इथवर कोणालाही जमते, आम्हांलाही जमले, आणि पहिल्या दिवशी आम्ही फार खूष होतो.

घोळ असा की हे वाचणे नव्हे. हे अक्षराला अक्षर लावून पाहणे आहे. संगणकाला शब्द म्हणजे काय हे ठाऊक नाही, अर्थ तर दूरच. 'ऊस' शोध म्हटले तर तो 'पाऊस' आणून देतो, कारण पावसाच्या शेवटी ऊस आहे. आणि 'उसाला' आणीत नाही, कारण तिथे उकार ऱ्हस्व झाला. उसाच्या कारखान्यात याहून मोठी गंमत कोणती?

'काणी' शोधली तर जेवढ्या शेऱ्यांत 'ठिकाणी' हा शब्द आहे तेवढे सगळे आले. 'दोन ठिकाणी पाइप फुटला', 'त्याच ठिकाणी पुन्हा लागण' या सगळ्यांवर काणीची खूण! आग लागलेले फड शोधायला 'आग' घातले, तर 'आगाऊ नोंद' आणि 'आगाप लागण' हजर. मग आम्ही शहाणपणा करून 'जळ' एवढेच घातले, म्हणजे जळीत, जळाला, जळका सगळे येईल. आले खरे, पण 'जळगावचे ठिबक बसवले' असा शेरा असलेला फडही जळीत यादीत गेला. 'मावा' शोधला तर 'खत देण्यापूर्वी पाला जमावा' अशी सूचना लिहिलेली नोंद आली. आकड्यांचे तेच. फुले २६५ ही जात २००७ साली प्रसारित झाली, आपल्या भागात ती पुष्कळ आहे; पण शेऱ्यात '२६५' शोधले तर गट नंबर २६५ आणि १२६५ हेही त्या जातीचे ठरतात.

गावांच्या नावांनी तर कमालच केली. पावसाळ्यात गाडी न जाणारे फड वेगळे काढावेत म्हणून आम्ही 'चिखल' हा शब्द घातला. आपल्या तालुक्यात चिकलठाणा हे मोठे गाव. कागदोपत्री ते 'क' ने लिहितात, पण लोक आणि आमचे स्लिपबॉय सर्रास 'चिखलठाणा' लिहितात. झाले! त्या शिवारातला डांबरी रस्त्यालगतचा फडही चिखलात रुतला. हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचे गाव आहे. १९९६ साली तिथल्या लोकांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीत खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या मधल्या अक्षरांत एक इंग्रजी शिवी दडली होती आणि कंपनीच्या चाळणीने ती पकडली. संगणकाच्या जाणकारांत असल्या चुकीला अजून त्या गावाच्याच नावाने ओळखतात. चिकलठाण्याने वाईट वाटून घेऊ नये.

यावर उपाय काय केला ते सांगतो. इंग्रजीच्या पुस्तकात उपाय असा असतो की, शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल तरच तो धरा. आम्ही तसे करून पाहिले, तर निम्म्या खऱ्या नोंदी गळाल्या. कारण मराठीत 'काणी' एकटी क्वचित येते. 'काणीचा प्रादुर्भाव', 'काणीने', 'काणीग्रस्त' असे प्रत्यय मागे चिकटून येतात. तेव्हा आमच्या लक्षात आले की मराठीला कुंपण पुढून घालावे आणि मागून मोकळे सोडावे. म्हणजे 'काणी' च्या आधी मोकळी जागा असली पाहिजे, नंतर काहीही असो. एवढ्याने 'ठिकाणी' गेले, 'निरोगी' गेले, 'जमावा' गेले, 'पाऊस' गेला, आणि 'काणीचा' राहिले. शेऱ्याचा पहिलाच शब्द 'काणी' असेल तर त्याच्या आधी जागा नसते, म्हणून प्रत्येक शेऱ्याच्या पुढे आधी एक मोकळी जागा जोडून घ्यायची. आणि कंस, स्वल्पविराम, आडवी रेघ यांच्या जागीही मोकळी जागा करून घ्यायची, नाहीतर '(काणी)' सुटते. जळगाव आणि चिखलठाणा मात्र कुंपणाने अडत नाहीत, ती नावे अक्षरशः तशीच सुरू होतात. त्यासाठी गावांची यादी घेऊन शोधण्याआधी शेऱ्यातून ती नावे बाजूला काढायची. पुढे कुंपण घातल्याने कोणी 'चाबूककाणी' जोडून लिहिले तर ते हुकते. त्याला इलाज नाही, तो शब्द यादीत वेगळा घालावा.

प्रत्यय मागे लागतात एवढ्यावर भागत नाही. मूळ शब्दही आतून बदलतो. 'तांबेरा' यादीत आहे, पण लिहिणारा लिहितो 'तांबेऱ्याचे ठिपके'. 'मावा' चे 'माव्याने' होते, 'खोडकीड' ची 'खोडकिडीचा' होते. तेव्हा काही जण सुचवतात की शब्द तोडून लहान करा, 'तांबे' एवढेच ठेवा. पण मग 'तांबे यांच्या बांधालगत' असा शेरा असलेल्या बिचाऱ्या सभासदाच्या उसावर तांबेरा पडतो. आमचे मत असे की तोडण्यापेक्षा दोन्ही रूपे लिहावीत : तांबेरा, तांबेऱ्या, मावा, माव्या, खोडकीड, खोडकिड. यादी लांबते, लांबू द्यावी. संगणकाला लांब यादीचा कंटाळा नाही.

शुद्धलेखनाविषयी आम्ही बोलू नये, आमचेच धड नाही. पण हुमणी आणि हुमनी, काणी आणि कानी, लाल कुज आणि लालकूज हे संगणकाला सगळे वेगळे. आणि त्याहून चमत्कारिक म्हणजे डोळ्याला हुबेहूब सारखे दिसणारे अक्षरही आतून वेगळे असू शकते. 'ऱ्या' मधला तो आडवा र दोन तऱ्हांनी टाईप होतो. कागदावर फरक नाही, संगणकाच्या पोटात मात्र वेगळे संकेत. आमच्या दोन गटांच्या नोंदींत 'तांबेऱ्याचा' शब्द डोळ्याला दिसत असून खूण पडेना, तेव्हा दोन दिवस डोके खाजवले, मग हे कळले. जुन्या फाईली तर जुन्या मराठी फॉन्टमधल्या, त्यात दिसते देवनागरी पण साठवलेले असते रोमन अक्षर. तिथे 'काणी' शोधणे म्हणजे कोरड्या आडात पोहरा सोडणे. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागल्या. अलीकडे मुले मोबाईलवर बोलून टाईप करतात. त्यात 'काणी' बोलले की 'पाणी' उमटते. 'पाणी आढळली' असा शेरा वाचून माणसाला संशय येईल, यादीला येणार नाही.

आता सर्वांत अवघड गाठ, ती म्हणजे 'नाही'. 'काणी नाही', 'हुमणी आढळली नाही', 'रोग-कीड निरंक' हे चांगले शेरे. शब्द मात्र तोच. डॉक्टर लोकांना ही अडचण फार आधी आली, कारण रोग्याच्या कागदावर 'ताप नाही, खोकला नाही' असेच जास्त लिहिलेले असते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी २००१ साली यावर एक साधा नियम प्रसिद्ध केला : नकाराचा शब्द आणि दुखण्याचा शब्द पाच शब्दांच्या आत असतील तर ते दुखणे नाही असे धरा. इंग्रजीत नकार बहुधा आधी येतो. आपल्याकडे तो वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून आम्ही पुढच्या शब्दांत 'नाही', 'नाहीत', 'निरंक' शोधतो, आणि स्वल्पविराम किंवा पूर्णविराम आला की तिथे थांबतो. थांबलो नाही तर 'काणी आहे, पाणी नाही' यातली काणीही जाते. (म्हणून स्वल्पविराम पुसायच्या आधी हे काम उरकावे लागते. क्रम चुकवून आम्ही एकदा हेही करून बसलो.) तरीसुद्धा 'मागील साली काणी होती म्हणून खोडवा ठेवला नाही' या शेऱ्यापुढे आमचा नियम हात टेकतो. यात 'नाही' आहे ते खोडव्याला, काणीला नव्हे. आणि ही नोंद तर आम्हांला हवीच आहे.

सबब आम्ही असे ठरवले की नकार सापडला म्हणून नोंद टाकून द्यायची नाही. तिच्यावर पिवळी खूण करायची, आणि पिवळ्या नोंदी माणसाने वाचायच्या. एका दुपारीत होतात. लाल खुणेच्या फडावर माणूस जातो. शिवाय प्रत्येक शब्दगटाला स्वतंत्र रकाना ठेवला आहे. सुरुवातीला एकच लांब सूत्र होते. ते पहिला शब्द सापडला की थांबे, त्यामुळे 'पाण्याचा ताण, शिवाय हुमणी' या शेऱ्याला ताणाची खूण मिळे आणि हुमणी दडून राही. शब्दही आता सूत्रात नाहीत, वेगळ्या पानावर तीन रकान्यांत आहेत : शब्द, कशाची खूण, कोणी पाहायचे. नवा शब्द घालायला सूत्राला हात लावावा लागत नाही.

नवे शब्द कुठून आणायचे? आम्ही पहिली यादी पुस्तकातून केली होती, तिथेच फसलो. पुस्तकात 'काणी', माणसाच्या तोंडी 'काळे चाबूक', 'शेंड्याला काजळी', 'चाबकावाणी'. पुस्तकात 'खोडकीड', शिवारात 'पोंगा मेला', 'गाभा वाळला'. पुस्तकात 'हुमणी', बांधावर 'उन्नी', आणि जूनमध्ये तर नुसतेच 'बाभळीवर भुंगे'. या शेवटच्या शेऱ्याची किंमत सभासदांनी ओळखावी. वळवाचा किंवा मृगाचा चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून बाभूळ-कडुनिंबावर बसतात. त्या दिवसांत फांद्या हलवून गोळा केले, रॉकेलच्या पाण्यात टाकले, तर पुढची पिढी तिथेच संपते. तो शेरा ऑगस्टमध्ये वाचून काय उपयोग? तोवर अळ्या मुळ्या खात बसलेल्या असतात. म्हणून पुस्तक मिटून आम्ही दोन वर्षांचे शेरे घेऊन बसलो, आणि ज्या फडांवर पुढे रोग-कीड नक्की निघाली त्यांचे आधीचे शेरे कोणत्या शब्दांत आहेत ते लिहून काढले. यादी अशी करायची असते हे तेव्हा कळले.

मोठ्या प्रमाणावर हाच प्रश्न सरकारपुढेही आहे. केंद्र सरकारने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ हा फुकट क्रमांक पुष्कळ सभासदांना माहीत असेल. शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न आणि दिलेले उत्तर तिथे ओळीत टिपले जाते, आणि या नोंदी राज्य, जिल्हा, तालुक्यानुसार सर्वांना पाहण्यास खुल्या केल्या आहेत. पीक, प्रश्नाचा प्रकार हे रकाने ठरीव. प्रश्न मात्र मोकळ्या मजकुरात, बराचसा रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तसे स्पेलिंग. देशभरातल्या कोणत्या भागात कोणती कीड वाढते आहे हे त्यातून काढू पाहणाऱ्याला आपल्यासारखीच शब्दांची यादी करावी लागते, आणि आपल्यासारख्याच ठेचा लागतात.

आता यादी बरी झाली की नाही हे कसे ओळखावे? समजा हजार नोंदी आहेत आणि त्यात खरोखर काणीचे फड वीस आहेत. यादीने साठ नोंदींवर खूण केली, त्यात पंधरा खऱ्या. म्हणजे पंचेचाळीस फुकट फेऱ्या आणि पाच फड सुटले. फुकट फेऱ्या लगेच दिसतात, पेट्रोलच्या बिलात येतात, स्लिपबॉय कुरकुरतो. सुटलेले पाच कुठेच दिसत नाहीत. त्यांना शोधायचे तर खूण न पडलेल्या नऊशे चाळीस नोंदी वाचाव्या लागतील. त्यातल्या शंभर उचलून वाचल्या तर पाचांतला एखादा हाती लागेल न लागेल अशीच गत. म्हणजे शंभर वाचून काही मिळाले नाही म्हणून यादी निर्दोष असे म्हणता येत नाही. आम्ही वरिष्ठांना आधी असाच अहवाल दिला होता, तो चुकीचा होता. आता ज्या गावात एकही काणीचा फड सापडला त्या गावचे आणि लगतच्या शिवारांचे कोरे शेरेही सगळे वाचतो. काणी बेण्याबरोबर जाते, वाऱ्यावर तिची काळी पूड उडते, तेव्हा ती शेजारीच असण्याचा संभव जास्त.

फुकट फेरी आणि सुटलेला फड यांची किंमत सारखी नाही, हेही उघड आहे. को ७४० च्या काळात काणीने काय केले ते जुन्या सभासदांना सांगायला नको. लागणीत चार बेटे दिसली तर खोडव्यात किती होतील याचा नेम नाही. म्हणून काणीसाठी यादी सैल ठेवली आहे; 'चाबूक', 'चाबका', 'काजळी', 'कानी' काहीही आले तरी खूण पडते, भले दहा फेऱ्या फुकट जावोत. 'कानी' मुळे 'सभासदाच्या कानी घातले' असे शेरेही येतात, ते आम्ही हसून सोडून देतो. 'पाण्याचा ताण' किंवा 'तण' यांच्यासाठी यादी घट्ट आहे, तिथे एखादी नोंद सुटली तर आभाळ कोसळत नाही.

पण फुकट खुणेची किंमत केवळ पेट्रोल आहे असे समजलो, ही आमची आणखी एक चूक. ज्या सभासदाचे बेणे विकले जायचे होते त्यांना ती किती पडली ते त्यांनी आम्हांला ऐकवले. त्यामुळे यादीचे नावच बदलले. 'रोगट प्लॉट' ऐवजी 'पाहणीसाठी प्लॉट' असे तिला म्हणतो, आणि ती फळ्यावर लागत नाही. फडात जाऊन शेतकी सहायकाने पाहिल्यावर, आणि तेही सभासदाला सांगून, मगच रोगाची नोंद होते. त्या वयस्क सभासदांच्या फडाची पाहणी आम्ही स्वतः केली, निरोगी असल्याचे पत्र दिले, आणि चुकलो असे म्हणालो. त्यांनी चहा पाजला. जाताना म्हणाले, "आता तरी तुमच्या मशीनला निरोगी म्हंजे काय ते सांगितलं का?" सांगितले आहे.

दुधनाकाठच्या तीन फडांचे मात्र चहावर भागले नाही. दोघांनी चाबूक फुटायच्या आधी पिशवीत झाकून कापले, बेटे मुळासकट काढून जाळली. तिसऱ्याच्या फडात फार पसरले होते, त्यांना खोडवा सोडून द्यावा लागला. तिघांच्या पुढच्या लागणीस तपासलेल्या प्लॉटचे बेणे शेतकी खात्यामार्फत मिळावे म्हणून आम्ही शिफारस केली आहे. ज्याने 'काळे चाबूक' लिहिले त्या स्लिपबॉयला कोणी बोल लावू नये. त्याने पाहिले तेच लिहिले.

सभासदांना आमची विनंती एवढीच की, स्लिपबॉय फडात आला म्हणजे दिसते ते आपल्या शब्दांत सांगावे. रोगाचे पुस्तकी नाव माहीत असण्याची गरज नाही, आणि नाव खात्रीचे नसेल तर घेऊच नये; काय दिसले, किती बेटांत, केव्हापासून, हे सांगावे. मग त्याने मोबाईलवर जो शेरा घातला तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगावा. 'काणी'चे 'पाणी' झाले असेल तर तिथेच कळेल. शेरा चुकला आहे असे नंतर लक्षात आले तर प्रत्येक गट कार्यालयात टेबलावर 'शेरा दुरुस्ती' म्हणून वही ठेवली आहे. त्यात सभासद क्रमांक, गट नंबर आणि बरोबर मजकूर लिहावा. आपल्याकडे एखाद्या रोगाला, किडीला वेगळे नाव चालत असेल तर तेही त्याच वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. त्या पानावर आतापर्यंत अकरा शब्द आले आहेत, त्यातले चार आम्ही कधी ऐकलेही नव्हते.